आत्या म्हणाली, कागद ठेव बाजूला

जानेवारीच्या शेवटी आमच्या इथल्या, ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाच्या कार्यवाह काकूंचा फोन आला, की २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे, दरवर्षी बाहेरून कुणालातरी बोलावतो त्यापेक्षा यंदा आपल्यातल्याच कुणीतरी बोलावं असं ठरलंय, तर तू "ग्वाल्हेर आणि मराठी" ह्यावर दहा मिनिटं बोलशील का. मी म्हटलं विचार करून सांगते काकू, आणि फोन ठेवला आणि लाटलेली पोळी पोळपाटावर तशीच सोडून खुर्चीत बसले, कारण दोन वर्षांपूर्वीचं सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत मी बोलले होते. विषय होता ग्वाल्हेरचं संगीत. महिनाभर वाचलं, नेटवर, घरातल्या जुन्या स्मरणिकांमध्ये, आणि फुलस्केपची नऊ पानं लिहून काढली. लिहिताना डोक्यात एकच गोष्ट होती की समोर महाराष्ट्रातले पाहुणे बसणार आणि आपलं मराठी पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारी वाढलेलं, तर कुठे चूक दिसायला नको. म्हणून "सुरू झालं" असेल तिथे "प्रारंभ झाला" केलं, "लोक" खोडून "रसिकजन" केलं, असं एकेक वाक्य धुऊन इस्त्री करून ठेवलं. आणि उभी राहिले. डोक्यावर पंखा फुल स्पीडवर. पहिल्याच पानाला हात थरथरायला लागला आणि कागदाची फडफड माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू यायला लागली, ती थांबवावी म्हणून कागद खाली पोडियमवर ठेवला तर वाकून वाचावं लागलं, म्हणजे तोंड माइकच्या खाली गेलं, आणि मागून कुणीतरी म्हणालं की ऐकू येत नाहीये. मग मी घाईघाईने वाचत सुटले. चौथ्या पानाच्या आसपास मान वर केली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक आजी डोळे मिटून होत्या आणि दोन बायका हळूच उठून प्रसादाच्या तयारीला लागल्या होत्या. मला दहा मिनिटं दिली होती, मी बावीस घेतली.

खाली उतरल्यावर आभार मानताना मी सहज बोलून गेले की हे सगळं वाचताना मलाच खूप काही माहिती पडलं. आमच्याकडे असंच म्हणतात, माहिती पडलं. एक पाहुणे हसले आणि म्हणाले, तुमचं मराठी जरा वेगळंच आहे नाही? त्यांच्या मनात काही वाईट नसेल, पण मला ते फार लागलं. त्या रात्री मी ती नऊ पानं कपाटात कपड्यांच्या खाली ठेवली आणि ठरवलं की आता स्टेजवर जायचं नाही.

तर काकूंना नाहीच म्हणणार होते. पण विषय मनातून जाईना. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्मले, इथेच शाळा, इथेच नोकरी, सासरही इथलंच, आणि ह्या विषयावर मी नाही बोलायचं तर कुणी बोलायचं असं सारखं वाटत राहिलं. रविवारी आत्याकडे गेले.

आत्या ८१ वर्षांची आहे, जनकगंजात राहते, शाळेत शिकवायची. तिने आयुष्यभर जी एक गोष्ट सोडली नाही ती म्हणजे कीर्तन. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, ग्वाल्हेरला कीर्तनाची परंपरा फार जुनी आणि अजून जिवंत आहे. डिसेंबरात तानसेन समारोह होतो तो देशभरातले लोक ऐकायला येतात, त्याची सुरुवात आजही तानसेनच्या समाधीपाशी शहनाई, हरिकथा आणि मीलादने (पैगंबरांच्या स्तुतीची पदं) होते, आणि ती हरिकथा ढोलीबुवा ह्या इथल्या कीर्तनकारांच्या गादीची असते. आत्या लहानपणी वडिलांचं बोट धरून कीर्तनांना जायची आणि आता गुडघे चालत नाहीत तर फोनवर ऐकते.

मी तिला म्हटलं, आत्या, मला जमेल का गं?

ती म्हणाली, मागच्या वेळचं मी ऐकलं होतं. सगळं खरं होतं त्यातलं. पण तू कुणाशी बोलत होतीस ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग थोड्या वेळाने म्हणाली, बुवांना कधी कागद घेऊन उभं राहिलेलं पाहिलंयस? दोन-अडीच तास एकटा माणूस उभा असतो. कागद ठेव बाजूला आणि बुवा काय करतात ते बघ.

पुढचा तास-दीड तास तिने मला कीर्तन कसं रचलेलं असतं ते सांगितलं, आणि खरंच सांगते, भाषणाच्या तयारीबद्दल मी नेटवर जे काही वाचलं आणि पाहिलं होतं त्यापेक्षा ह्या तास-दीड तासात मला जास्त कळलं. नारदीय कीर्तन असतं त्याचे दोन भाग, पूर्वरंग आणि उत्तररंग. बुवा नमन करतात आणि एक मूळपद घेतात, बहुतेक वेळा संताचा एखादा अभंग. पूर्वरंग म्हणजे त्या एकाच पदाचं निरूपण, एकेका शब्दाला धरून, दाखले देत देत. मग मध्यंतर, नामाचा गजर, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, सगळे जरा सैलावतात, कुणी पाणी पितं. आणि मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे एकच गोष्ट, पुराणातली किंवा इतिहासातली, जिच्यात ते मूळपद घडताना दिसतं. आणि गोष्ट संपता संपता बुवा परत त्याच मूळपदावर येतात, तीच ओळ, पण आता ऐकणाऱ्याला ती वेगळी ऐकू येते. मग आरती. आत्या म्हणाली, घरी जाताना बायका ती ओळ गुणगुणत जायच्या. ती म्हणजे कीर्तन झालं ह्याची खूण.

मग तिने विचारलं, तुझं मूळपद काय?

मी म्हटलं, ग्वाल्हेर आणि मराठी.

ती म्हणाली, तो विषय झाला, तो तर त्यांनीच दिलाय. मूळपद काय? दहा मिनिटांत लोकांनी घरी न्यायची ती एक ओळ कुठली?

मला उत्तर देता आलं नाही. सहा दिवस देता आलं नाही. बघायला गेलं तर माझ्याकडे माल खूप होता, तोच तर मागच्या वेळीपण होता. शिंद्यांचा इतिहास होता, ग्वाल्हेर घराणं होतं, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली ते होतं, गायक कृष्णराव शंकर पंडित होते, १९१८ साली भातखंड्यांच्या मदतीने इथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं ते होतं, राणी लक्ष्मीबाईंची फुलबागेतली समाधी होती, १९६१ चं साहित्य संमेलन होतं. ह्यातलं सगळं प्रिय आहे मला. पण ओळ म्हणून एकही नव्हती.

ती सापडली गाडीवर. संध्याकाळी ऑफिसमधून येताना कंपूच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले होते आणि मनाशी बोलत होते (हेल्मेटमध्ये कुणाला दिसत नाही, हा मोठा फायदा), की लष्कर म्हणजे तरी काय, छावणी, १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचंच शहर झालं, म्हणजे आपले लोक इथे राहायला आलेच नव्हते, तंबू ठोकायला आले होते. आणि तोंडातून निघालं, "मराठी इथे तंबूत आली आणि घर करून राहिली." मी गाडी बाजूला लावून ते फोनमध्ये बोलून ठेवलं.

बोलून ठेवलं, लिहिलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय कारण त्यानंतर मी पूर्ण भाषण तसंच केलं. एकही परिच्छेद लिहिला नाही. सकाळी भाजी चिरताना फोन ओट्यावर उभा करायचा, रेकॉर्डर चालू करायचा आणि बोलायचं, समोर आत्या बसलीय असं समजून. मग दुपारी डबा खाताना ते ऐकायचं. पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा स्वतःचा आवाज परका वाटला, तो सगळ्यांनाच वाटतो, कारण आपण स्वतःला रोज ऐकतो ते थोडं कवटीच्या हाडांतून आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेलं असतं, दोन-तीन दिवसांत सवय होते. पण त्यानंतर जे ऐकू यायला लागतं ते फार कामाचं असतं. जिथे माझा श्वास वाक्याच्या मध्येच संपत होता तिथे वाक्य मोठं होतं, ते तोडलं. जिथे मी नकळत आवाज पाडून भराभर पुढे जात होते तिथे मला स्वतःलाच ते पटलेलं नव्हतं, तो भाग काढूनच टाकला. आणि "म्हणजे" हा शब्द दहा मिनिटांत एकतीस वेळा आला होता, मी मोजला. तो येतो कारण पुढचं वाक्य तयार नसतं आणि गप्प राहायची भीती वाटते. त्यावर उपाय म्हणून मी काहीच केलं नाही, फक्त तो येतोय असं वाटलं की तोंड बंद ठेवायचं. आठवड्याभरात सात-आठवर आला.

एक मोजमापही तेव्हाच कळलं. मी न धावता बोलते तेव्हा मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. म्हणजे दहा मिनिटांत अकराशे. माझी मागची नऊ पानं अडीच हजारांच्या वर होती. ते दहा मिनिटांत बसणारच नव्हतं, कितीही चांगलं वाचलं असतं तरी. एवढा साधा हिशेब मी केला नव्हता, रोज ऑफिसात हिशेबच करते तरी.

आता मूळपद मिळाल्यावर बाकीचं सोपं झालं असं म्हणणार होते, पण ते सोपं नव्हतं, त्रासाचं होतं. कारण प्रत्येक गोष्टीला विचारायचं की तू ह्या ओळीची आहेस का, आणि नसेल तर बाहेर. संगीत पूर्ण बाहेर गेलं. कृष्णराव पंडितांना काढताना मला अक्षरशः अपराधी वाटलं, ग्वाल्हेरवर बोलायचं आणि त्यांचं नाव नाही. राणी लक्ष्मीबाईपण काढली. तिच्यासाठी मुद्द्यांचं एक कार्ड केलं होतं, ते फाडवेना, मसाल्याच्या डब्यांच्या खणात ठेवून दिलं. राहिले फक्त तीन दाखले आणि एक गोष्ट. दाखले म्हणजे लष्कर हे नाव, बाजारांची नावं, दौलतगंज, जनकगंज, पाटणकर बाजार, आणि तिसरा आमच्या स्वयंपाकघरातला.

आणि गोष्ट आत्याची. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरलं आणि अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे. ह्या संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. आत्या तेव्हा सतरा वर्षांची, शाळेच्या मुलींबरोबर पाणी द्यायला उभी होती. तिला भाषणातलं आता काही आठवत नाही. तिला आठवतं ते एवढंच की सगळे मोठमोठे लोक बसलेले आणि उभी एक बाई, आणि आत्याच्या स्वतःच्या हातातला पाण्याचा तांब्या जड झाला तरी तिने खाली ठेवला नाही कारण आवाज होईल. हे तिने मला चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

इथे एक गोष्ट शिकले ती सांगते. आधी मी बोलत होते की १८७८ मध्ये पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं आणि १९६१ मध्ये कुसुमावतीबाई अध्यक्ष झाल्या. आत्याने ऐकलं आणि म्हणाली, मग? दोन साल सांगितलेस, मी काय करू त्यांचं? वाचणारा माणूस थांबून वजाबाकी करू शकतो, ऐकणारा नाही, तोपर्यंत आपण पुढच्या वाक्याला गेलेलो असतो. मग मी ते असं केलं, "पहिल्या संमेलनापासून ८३ वर्षं अध्यक्षाच्या खुर्चीवर पुरुषच बसले. ८३ वर्षांनी पहिल्यांदा एक बाई बसली, आणि ती खुर्ची ग्वाल्हेरला होती." हे आत्याला आवडलं. तिने मान हलवली तशीच हॉलमध्येही लोकांनी हलवली नंतर.

आता कार्डांबद्दल सांगते. मुलाच्या प्रोजेक्टचा जाड चार्टपेपर उरला होता त्याची पोस्टकार्डाएवढी सात कार्डं कापली, जाड स्केचपेनने प्रत्येकावर चार-पाच शब्द, वर मोठा नंबर, कोपऱ्यात पंच करून लोकरीचा धागा ओवला म्हणजे हातातून पडली तरी क्रम बिघडणार नाही. जाड कागद थरथरला तरी दिसत नाही आणि आवाज करत नाही. पूर्ण वाक्यं फक्त दोनच पाठ केली, पहिलं आणि शेवटचं. बाकी सगळं कार्डावरचा शब्द बघून रोज नव्याने बोलायचं, प्रत्येक वेळी थोडं वेगळं व्हायचं आणि होऊ द्यायचं. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढची माळ सगळी निसटते, माझ्या शाळेच्या दिवसांत वक्तृत्व स्पर्धेत हे कितीजणींचं झालेलं मी पाहिलंय, बिचाऱ्या परत पहिल्यापासून सुरू करायच्या.

भीतीचं काय, तर ती गेली नाही. २६ च्या रात्री मला झोप लागली नाही आणि २७ ला सकाळपासून पोटात खड्डा. मला एका गोष्टीने फार धीर दिला. विवेकानंद शिकागोला ११ सप्टेंबर १८९३ ला बोलले ते आपण सगळे लहानपणापासून ऐकतो, पण त्यांनी नंतर शिष्याला पत्रात लिहिलंय की बाकीचे सगळे तयारी करून आले होते, आपली काहीच तयारी नव्हती, छाती धडधडत होती, जीभ कोरडी पडली होती, आणि सकाळी बोलायची हिंमतच झाली नाही. ते दुपारी बोलले. आणि ते पहिलं भाषण पाच मिनिटांत वाचून होईल एवढंच आहे. तर जीभ कोरडी पडणं ही काही नालायकीची खूण नाही. घाबरलं की शरीर लाळ कमी करतं, हृदय पळायला लागतं, हात कापतात, हे सगळ्यांचं होतं, त्याच्याशी भांडायचं नाही. मी कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवली आणि खुर्चीत बसल्या बसल्या श्वास आत घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लावला, दहा-बारा वेळा. धडधड थांबली नाही पण कमी झाली.

आणि ग्वाल्हेरमध्ये बसून भाषणाबद्दल बोलायचं आणि अटलजींचं नाव निघणार नाही असं होत नाही. इथेच जन्मले, इथल्या गोरखीच्या शाळेत शिकले, पुढे परराष्ट्रमंत्री म्हणून ४ ऑक्टोबर १९७७ ला संयुक्त राष्ट्रांत हिंदीत बोलले. राजकारण कुणाचं काही असो, त्यांचं बोलणं इथे सगळ्यांचं आहे. त्यांचा तो थांबा. डोळे मिटायचे, मान थोडी वळवायची, आणि सगळी सभा श्वास रोखून. आमच्याकडे कॉलेजातली मुलं तशी नक्कल करतात आणि ती नक्कलच वाटते, ह्याचं कारण मला तयारी करतानाच समजलं. मी त्यांच्या भाषणांचे व्हिडिओ आवाज बंद करून पाहिले. थांबतात तेव्हा तो माणूस खरंच आत काहीतरी शोधत असतो, शब्द निवडत असतो, चेहऱ्यावर दिसतं ते. नक्कल करणारा नुसता सेकंद मोजत असतो. म्हणून मी कार्डावर "इथे थांब" असं कुठेही लिहिलं नाही. फक्त ठरवलं की एक गोष्ट सांगून झाली की दुसरी डोळ्यांसमोर दिसेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी एक तास आधी गेले. माइकवाले भैया तारा जोडत होते, त्यांना म्हटलं मला एकदा उभं राहून बघू द्या. हॅलो हॅलो करण्याऐवजी मी माझं पहिलं वाक्यच बोलले आणि मुलाला शेवटच्या रांगेत उभं केलं, ऐकू येतंय का बघायला. भैयांनी स्टँड माझ्या उंचीला आणून स्क्रू घट्ट केला आणि सांगितलं, दीदी, एक बालिश्त दूर रखना, और गर्दन घुमाओ तो मुँह भी माइक के साथ रखना. एक वीत. एवढी साधी गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. पोडियमवरचा पंखा मी बंद करायला लावला.

माझ्या आधी दोघे बोलणार होते. त्यातल्या एकांनी त्यांच्या वेळेच्या बरंच पुढे घेतलं, हे होतंच, आणि काकू माझ्याजवळ येऊन कानात म्हणाल्या, अगं सात मिनिटांत आटोपशील का, पुढे मुलांचा कार्यक्रम आहे. मागच्या वेळी हे झालं असतं तर मी रडलेच असते. पण आता मला माहीत होतं काय हलवता येतं आणि काय नाही. मूळपद राहणार, आख्यान राहणार, दाखल्यांतले कमी करता येतात. मी बसल्या जागी बाजारांच्या नावांचं कार्ड मागे सरकवलं.

व्यासपीठावरील मान्यवर वगैरे यादी मी म्हटली नाही. नमस्कार केला, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हटलं, "माझ्या आत्याच्या घरी दूध भगोन्यात तापतं."

भगोनं म्हणजे पातेलं, हिंदीतला भगोना. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी पातेलंच म्हणतात. आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. मी हे वाक्य मुद्दाम पहिलं घेतलं होतं आणि ते बोलायला मला जेवढी हिंमत लागली तेवढी बाकी भाषणात कुठेच लागली नाही, कारण तेच ते मराठी होतं ज्याला वेगळं म्हटलं गेलं होतं. एक सेकंद काहीच झालं नाही. मग तिसऱ्या रांगेतल्या एक काकू मोठ्याने म्हणाल्या, आमच्याकडेपण! आणि हॉलभर हसू पसरलं, ओळखीचं हसू, आणि माझे खांदे खाली आले. त्यानंतर मी भाषण देत नव्हते, बोलत होते. डावीकडच्या त्या काकू, मध्ये एक चष्मेवाले काका आणि अगदी मागे उभा असलेला माझा मुलगा, ह्या तिघांशी आळीपाळीने.

मध्ये एकदा सगळं पुसलं गेलं. तांब्याच्या गोष्टीच्या आधी, पुढे काय ते आठवेनाच. मी थांबले, पाणी प्यायले, कार्ड बघितलं, त्यावर "तांब्या" एवढाच शब्द होता, आणि आत्या सतरा वर्षांची दिसायला लागली. मला वाटलं मिनिटभर गेलं. मुलाने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ते चार सेकंद आहेत, आणि खरं सांगायचं तर त्या चार सेकंदांनंतरच हॉल सगळ्यात शांत आहे.

शेवटी मी परत तिथेच आले. कुसुमावतीबाई त्याच वर्षी नोव्हेंबरात गेल्या, संमेलनाचा मांडव तर तेव्हाच उतरला असेल, पण पाणी देणारी मुलगी अजून जनकगंजात राहते आणि भगोन्यात दूध तापवते. मराठी इथे तंबूत आली आणि घर करून राहिली. एवढं बोलून खाली आले. सात मिनिटं दहा सेकंद.

नंतर चहाच्या वेळी एक कॉलेजातली मुलगी आली, म्हणाली माझी आजीपण भगोनं म्हणते, आणि मी तिला नेहमी टोकायचे की आजी पातेलं म्हण. आज घरी जाऊन सांगते तिला. बोलताना तिचे डोळे भरून आले आणि माझेपण. ज्यांचं बोलणं दोन वर्षांपूर्वी लागलं होतं तसंच बोलणारं ह्या वेळी कुणी भेटलं नाही, आणि भेटलं असतं तरी मला वाटतं मी हो म्हटलं असतं, वेगळंच आहे आमचं.

दुसऱ्या दिवशी आत्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. तिने फोन कानाला लावून डोळे मिटून पूर्ण ऐकलं, तांब्याच्या जागी हात थोडा वर आला तिचा, जणू अजून धरलाय. संपल्यावर म्हणाली, दाखल्यांमध्ये घाई केलीस. मी म्हटलं वेळ कमी केला गं त्यांनी. ती म्हणाली, मग दोनच्या जागी एकच घ्यायचा होतास. बरोबर आहे तिचं. मग म्हणाली, पुन्हा लाव.

परवा काकूंचा परत फोन आला. जूनमध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या बलिदान दिनाच्या आसपास छोटा कार्यक्रम करायचाय, पंधरा मिनिटं बोलशील का. ह्या वेळी विचार करून सांगते म्हटलं नाही. फोन ठेवून मसाल्याचा खण उघडला, हळदीचा डाग पडलाय कार्डाला, पण शब्द वाचता येतात, फुलबाग, जून १८५८, मनू. मूळपद अजून सापडलेलं नाही. आज कणीक मळताना रेकॉर्डर लावून पहिली दहा मिनिटं बोलून पाहिलं, त्यातलं काहीच राहणार नाही, उद्या परत.